हवं असेल तर अख्खं घ्या: लेड झेपलिन एवढे मोठे कसे झाले

१९७० च्या दशकात बीबीसीवर दर आठवड्याला 'टॉप ऑफ द पॉप्स' लागायचं. त्या आठवड्यात कोणती गाणी जास्त खपली ते सांगायचं आणि ती गाणाऱ्यांना स्टुडिओत उभं करायचं, असा तो कार्यक्रम. त्याच्या सुरुवातीला बरीच वर्षं जी धून वाजायची ती ब्रिटनच्याच लेड झेपलिन या हार्ड रॉक बँडच्या 'होल लॉटा लव्ह' या गाण्याची होती. वाजवली होती दुसऱ्याच लोकांनी. खुद्द लेड झेपलिन त्या कार्यक्रमात एकदाही वाजवायला गेले नाहीत. तिथे जायचं तर बाजारात सिंगल असावं लागायचं, आणि बँड चालू होता तोवर त्यांनी मायदेशात रीतसर एकही सिंगल काढलं नाही.

टीव्हीवर दिसत नाही, सिंगल काढत नाही, मुलाखती बेतानेच देतो, पत्रकार तर पहिल्या दिवसापासून नाकं मुरडतात. असा बँड पाच वर्षांत अमेरिकेतली स्टेडियम भरू लागतो. हे झालं कसं? 'पोरं चांगली वाजवायची' हे उत्तर खरं आहे, पण पुरेसं नाही. चांगलं वाजवणारे त्या काळच्या लंडनमध्ये गल्लोगल्ली होते.

आधी सिंगल आणि अल्बम यांतला फरक नीट समजून घेऊ, कारण सगळी गोष्ट त्याच्याभोवती फिरते. सिंगल म्हणजे सात इंची छोटी तबकडी. मिनिटाला ४५ फेरे आणि एका बाजूला एक गाणं, साधारण तीन मिनिटांचं. अल्बम म्हणजे बारा इंची लाँगप्ले, मिनिटाला सव्वातेहतीसच्या थोडे वर फेरे आणि एका बाजूला वीसेक मिनिटांचं संगीत. १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत पॉपचा धंदा सिंगलवर चालायचा. पोरं खाऊच्या पैशातून सिंगल विकत घ्यायची, रेडिओ सिंगल वाजवायचा, आणि दोन-तीन सिंगल गाजली की कंपनी त्यांच्याभोवती आणखी काही भरताड गाणी रचून अल्बम काढायची. लाँगप्ले ही मोठ्यांची आणि शास्त्रीय संगीतवाल्यांची चीज. बीटल्स, बॉब डिलन वगैरेंनी हे चित्र बदलायला घेतलं होतं. दशक संपेपर्यंत कॉलेजातला मुलगा अख्खा लाँगप्ले घेऊन खोलीवर चार मित्रांसोबत दोन्ही बाजू ऐकू लागला होता. या मुलाला अजून रेडिओने नीट ओळखलं नव्हतं आणि टीव्हीने तर नाहीच. लेड झेपलिनचं गिऱ्हाईक तोच.

आता माणसं. जिमी पेज हा गिटारवादक १९६० च्या दशकात लंडनच्या स्टुडिओंमध्ये रोजावर वाजवायचा. आपल्याकडे हिंदी सिनेमाच्या रेकॉर्डिंगला वाजवणारे वादक असतात ना, तसाच. सकाळी एका गायकाच्या मागे, दुपारी जाहिरातीच्या धूनला, संध्याकाळी तिसरीकडे. रेकॉर्डवर नाव कुणाचंही असो, गिटार याची. जॉन पॉल जोन्स त्याच बाजारातला, बेस आणि कीबोर्ड वाजवणारा, शिवाय अरेंजर. दुसऱ्यांच्या गाण्यांना व्हायोलिनचे ताफे लिहून द्यायचा. या दोघांनी विशी-बाविशीतच शेकडो रेकॉर्डिंगं पाहिली होती. मायक्रोफोन कुठे ठेवला तर काय होतं, निर्माता कुठे लुडबुड करतो, कंपनी गाणं कसं कापते, हे सगळं त्यांना आतून ठाऊक होतं. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. बाकीचे बँड प्रसिद्ध झाल्यावर धंदा शिकले, हे दोघे धंदा शिकून मग प्रसिद्ध व्हायला निघाले.

पेज १९६६ मध्ये यार्डबर्ड्स या नावाजलेल्या बँडमध्ये गेला. १९६८ च्या जुलैमध्ये तो बँड मोडला, पण स्कँडिनेव्हियातले कार्यक्रम आधीच घेऊन ठेवलेले होते. सुपारी घेतलेली, आणि फडातले लोक निघून गेलेले. पेजने नवे शोधायला सुरुवात केली. टेरी रीड या गायकाला विचारलं, तो आपल्या कामांत अडकलेला होता. त्याने रॉबर्ट प्लांटचं नाव सुचवलं. विशीच्या उंबरठ्यावरचा हा मुलगा बर्मिंगहॅमच्या बाजूला गात होता. पेज त्याचं गाणं ऐकायला एका शिक्षक प्रशिक्षण महाविद्यालयात गेला, आणि त्याला प्रश्न पडला की असा गळा असून हा अजून कुणाला माहीत कसा नाही. प्लांटने आपला जुना दोस्त जॉन बॉनम याचं नाव ड्रमसाठी पुढे केलं. बॉनमला तेव्हा एका अमेरिकन गायकाच्या साथीला आठवड्याचा बांधीव पगार मिळत होता आणि घरी बायको-मूल होतं. मोडलेल्या बँडच्या नव्या अवतारात जायला तो तयार होईना. त्याच्या पत्त्यावर तारांवर तारा गेल्या, तेव्हा कुठे हो म्हणाला. जोन्स मात्र बायकोने टोचल्यामुळे आपण होऊन आला.

ऑगस्ट १९६८ मध्ये लंडनच्या जेरार्ड स्ट्रीटवरच्या एका तळघरात हे चौघे पहिल्यांदा एकत्र वाजवायला उभे राहिले. ७ सप्टेंबरला डेन्मार्कमधल्या ग्लॅडसॅक्स इथे पहिला कार्यक्रम झाला, तोही यार्डबर्ड्सच्याच नावावर. नवं नाव पुढच्या महिन्यात आलं. 'द हू' बँडच्या मंडळींच्या गप्पांत कधीतरी एक थट्टा झाली होती. सपशेल आपटणाऱ्या गोष्टीला इंग्रजीत शिशाचा फुगा म्हणतात. तुमचा बँड तर शिशाचं झेपलिन होईल, म्हणजे फुगा कसला, अख्खं विमानच कोसळेल! झेपलिन हे हायड्रोजनने भरलेलं जर्मन हवाई जहाज. पेजने ती थट्टा जपून ठेवली होती. शिशाच्या इंग्रजी स्पेलिंगचा 'लीड' असाही उच्चार होतो, म्हणून त्यातला 'ए' काढून टाकला, अमेरिकन लोकांनी चुकीचं म्हणू नये म्हणून. अजून एक रेकॉर्डही निघालेलं नाही, आणि स्पेलिंग अमेरिकेच्या सोयीने ठरतंय, हे लक्षात ठेवा.

(या नावापायी पुढे एक गंमत झाली. १९७० मध्ये झेपलिन घराण्याच्या एका बाईंनी आमच्या घराण्याचं नाव वापरलं तर कोर्टात खेचीन असं बजावलं, तेव्हा कोपनहेगनच्या कार्यक्रमापुरतं बँडने 'द नॉब्स' हे नाव लावलं. बाईंचा राग अगदीच अकारण नव्हता. पहिल्या अल्बमच्या वेष्टनावर १९३७ मध्ये पेटून कोसळणाऱ्या हिंडेनबर्ग या झेपलिनचं चित्र होतं.)

पहिला अल्बम सप्टेंबर-ऑक्टोबर १९६८ मध्ये लंडनच्या ऑलिंपिक स्टुडिओत झाला. एकूण छत्तीसेक तास. खर्च १,७८२ पौंड, तोही पेजच्या खिशातून. इतक्या झटपट कारण गाणी दौऱ्यात वाजवून वाजवून पक्की झाली होती. स्टुडिओत शिकायला कुणी गेलं नव्हतं. पण खरी खुबी पैशाची आहे. एरवी रेकॉर्ड कंपनी पैसे घालते, म्हणून निर्माता तिचा, गाणी निवडणार ती, वेष्टन ठरवणार ती. इथे तयार माल हातात घेऊन मॅनेजर कंपनीच्या दारात गेला. घ्यायचा तर घ्या, यात बदल होणार नाही.

तो मॅनेजर पीटर ग्रँट. सहा फुटांच्या वर कितीतरी उंच, त्याच मापाचा रुंद. आधी कुस्तीच्या रिंगणात आणि क्लबच्या दारावर उभा राहून पोट भरलेला माणूस. नोव्हेंबर १९६८ मध्ये त्याने न्यूयॉर्कच्या ॲटलांटिक कंपनीशी करार केला. कंपनीने बँडला प्रत्यक्ष वाजवताना पाहिलंही नव्हतं. जोन्सबरोबर काम केलेल्या डस्टी स्प्रिंगफील्ड या गायिकेने शब्द टाकला होता आणि टेप ऐकून खात्री पटली होती. आगाऊ रक्कम लाख डॉलरच्या बरीच वर होती, नवख्या बँडला तोवर न मिळालेली. स्टुडिओचा खर्च तेव्हाच्या दराने सव्वाचार हजार डॉलरच्या आसपास होता, हे शेजारी ठेवून पाहा. पण माझ्या मते त्या करारातली सर्वांत किमती कलमं पैशाची नव्हती. अल्बम कधी काढायचा, वेष्टन कसं असेल, दौरा कुठे करायचा, सिंगल काढायचं की नाही, हे बँड ठरवणार होता. गाण्यांच्या प्रकाशनाचे हक्क बँडच्या स्वतःच्या कंपनीकडे. ॲटलांटिकला जाहिरात आणि विक्री एवढंच काम उरलं.

आता अमेरिका. ब्रिटनमध्ये या नव्या नावाला दारात कुणी उभं करत नव्हतं. मग ग्रँटने ऐन नाताळच्या सुट्टीत चौघांना घरून उठवून विमानात बसवलं. २६ डिसेंबर १९६८ ला डेन्व्हरमध्ये 'व्हॅनिला फज' या बँडच्या आधी ते वाजले. जाहिरातीत त्यांचं नावही नव्हतं. १९६९ या एका वर्षात त्यांनी अमेरिकेचे चार दौरे केले.

नुसत्या दौऱ्यांनी हे झालं नसतं. त्या सुमारास अमेरिकेच्या रेडिओत एक सरकारी नियम बदलला होता, आणि रॉकच्या इतिहासात त्या नियमाला खरं तर एखाद्या गिटारवादकाइतका मान द्यायला हवा. तिथे एएम आणि एफएम अशा दोन प्रकारची केंद्रं होती. एएम दूरवर पोचायचं, आवाज खरखरीत, पण सगळे तेच ऐकायचे. एफएमचा आवाज स्वच्छ, स्टिरिओसुद्धा, पण ऐकणारे मोजके. म्हणून मालक एएमचाच कार्यक्रम एफएमवर जसाच्या तसा सोडून द्यायचे. सरकारी नियामकाने सांगितलं, लाखाच्या वर वस्ती असलेल्या शहरांत हे चालणार नाही, एफएमवर निदान निम्मा वेळ वेगळं काहीतरी लावा. १९६७ च्या सुरुवातीपासून नियम लागू झाला. झालं! मालकांकडे तासन्‌तास रिकामा वेळ, तो भरायला पैसे नाहीत, मग बसवलं तरुण पोरांना. ती पोरं घरून आपले लाँगप्ले घेऊन आली आणि तीन मिनिटांची मर्यादा झुगारून सहा-आठ मिनिटांची गाणी सलग लावू लागली. सॅन फ्रान्सिस्को, न्यूयॉर्क, बॉस्टन, एकेक शहर असं फुटलं.

लेड झेपलिनचा पहिला अल्बम जानेवारी १९६९ मध्ये अमेरिकेत आला तो या रिकाम्या जागेत. खोलीत स्पीकरसमोर बसून ऐकण्यासाठीच ते संगीत घडवलेलं होतं. म्हणजे नेमकं काय? हार्ड रॉकचं मूळ ब्लूजमध्ये, अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या गाण्यात. त्यात एक छोटी सुरावट गिटारवर पुन्हा पुन्हा येते, तिला रिफ म्हणतात. आपल्या गाण्यात मुखडा परत परत येतो तसं. फक्त इथे तो गळ्याऐवजी गिटार म्हणते आणि गाणं तिच्या पाठीवर बसून चालतं. ॲम्प्लिफायरला सोसेल त्याहून जास्त रेटा दिला की आवाज फाटतो. आधीच्या पिढीला हा दोष वाटायचा, या पिढीने त्यालाच स्वर मानलं. एवढं तर बरेच बँड करत होते. पेजची भर होती ती जागेची. बहुतेक जण ड्रमच्या तोंडाशी मायक्रोफोन लावायचे. हा एखादा मायक्रोफोन मुद्दाम लांब ठेवायचा, म्हणजे वाद्याबरोबर खोलीही ऐकू येते. आणि सगळं सतत जोरात नाही. आधी कुजबुज, मग एकदम दार लाथेने उघडावं तसा ठोका. जोर वाटतो तो आधीच्या शांततेमुळे. हा उतार-चढाव एएमच्या चिरक्या रेडिओत मरतो, एफएमवर जिवंत राहतो.

जानेवारीच्या शेवटी बॉस्टन टी पार्टी नावाच्या जुन्या वास्तूतल्या क्लबात चार रात्रींचा मुक्काम होता. शेवटच्या रात्री लोक जाऊच देईनात. बँडकडे गाणी एका अल्बमपुरती. ती सगळी वाजवून झाली, पुन्हा वाजवून झाली, मग बीटल्स आणि रोलिंग स्टोन्स या बँडांची गाणी, जे जे चौघांना येत होतं ते सुरू झालं. चार तासांच्या वर गेलं. दुसऱ्या दिवशी शहरातल्या कॉलेजांत काय बोललं गेलं असेल याची कल्पना करा. हीच त्यांची जाहिरात. 'रोलिंग स्टोन' नावाच्या अमेरिकन नियतकालिकाने पहिल्या अल्बमची चांगलीच खरडपट्टी काढली, तरी तो अमेरिकेत पहिल्या दहात गेला.

दुसरा अल्बम दौऱ्याच्या धावपळीत झाला. आज लंडनमध्ये एक तुकडा, महिन्याने लॉस एंजलिसमध्ये दुसरा, मग न्यूयॉर्क. टेपांची पेटी सोबत घेऊन फिरायचं. शेवटचं मिश्रण एडी क्रेमर या तंत्रज्ञासोबत न्यूयॉर्कला दोन दिवसांत उरकलं. ऑक्टोबर १९६९ मध्ये तो आला आणि वर्ष संपायच्या आत त्याने अमेरिकेच्या यादीत बीटल्सच्या 'ॲबी रोड'ला खाली ढकललं. तिथे कंपनीने 'होल लॉटा लव्ह'चं सिंगल काढलं, ते चौथ्या क्रमांकापर्यंत गेलं. एएम केंद्रांनी मधला तो आवाज एका स्पीकरातून दुसऱ्यात फिरणारा विचित्र भाग कापून टाकला. ब्रिटनमध्येही कंपनीने कापलेलं गाणं सिंगल म्हणून काढायचा घाट घातला होता. ग्रँटने ते थांबवलं. कुणाला ऐकायचंय? मग अख्खा अल्बम घ्या. त्यात हट्ट होता आणि हिशेबही होता. सिंगलच्या मानाने अल्बमवर मिळणारा पैसा कितीतरी जास्त.

टीव्हीबद्दलही तेच. १९६९ मध्ये डेन्मार्क, फ्रान्स, ब्रिटनमध्ये दोन-चार कार्यक्रम करून पाहिले. छोट्या पडद्याच्या एवढ्याशा स्पीकरमधून आपलं काही पोचत नाही, हे कळल्यावर सोडून दिलं. याचा एक परिणाम असा झाला की त्यांना पाहायचं असेल तर तिकीट काढण्याला पर्यायच उरला नाही.

१९७० मध्ये पेज आणि प्लांट वेल्समधल्या एका वीज नसलेल्या घरात जाऊन राहिले. तिथून परतून केलेला तिसरा अल्बम निम्मा साध्या लाकडी गिटारींवरचा निघाला. आरडाओरड्याची अपेक्षा ठेवून बसलेल्यांचा हिरमोड झाला आणि तो आधीच्याइतका टिकला नाही. त्यावर फार लिहीत नाही, पण पुढची उडी त्यामुळेच शक्य झाली असं माझं मत आहे. एव्हाना ब्रिटनमध्येही वारं फिरलं होतं. 'मेलडी मेकर' या साप्ताहिकाच्या वाचकांनी त्या वर्षी सर्वोत्तम बँड म्हणून बीटल्सऐवजी यांना निवडलं.

चौथ्या अल्बमसाठी ते हॅम्पशायरमधल्या हेडली ग्रेंज या जुनाट इमारतीत गेले. कधीकाळी ते निराधारांना ठेवून राबवून घेण्याचं ठिकाण होतं. थंड, ओलसर. दारात रोलिंग स्टोन्सचा फिरता स्टुडिओ, म्हणजे ट्रकमधलं रेकॉर्डिंग यंत्र, उभं केलं. एका गाण्यासाठी बॉनमचे ड्रम मोठ्या दालनात जिन्याखाली मांडले आणि मायक्रोफोन वरच्या मजल्याच्या कठड्यावरून खाली सोडले. तो ठोका कुणी एकदा ऐकला की विसरत नाही. पुढे कितीतरी हिपहॉपवाल्यांनी तो उचलून आपल्या गाण्यात लावला.

अल्बम तयार झाल्यावर त्यांनी सगळ्यांत मोठा हट्ट केला. वेष्टनावर बँडचं नाव नाही, अल्बमला नाव नाही, कंपनीचं नाव नाही. पाठीवर काटक्यांची मोळी वाहणाऱ्या एका म्हाताऱ्याचं जुनं चित्र, बस्स. आत चौघांची चार चिन्हं. कंपनीच्या लोकांनी डोक्याला हात लावला. पत्रकार आम्हाला जाहिरातबाजीने मोठे झालेले म्हणतात ना, मग नावाशिवाय विकून दाखवतो, असा तो सगळा आविर्भाव होता. नोव्हेंबर १९७१ मध्ये आलेला हा अल्बम आजवर जगभर ३ कोटी ७० लाखांच्या आसपास खपला असं मानतात. त्या म्हाताऱ्याची ओळखही २०२३ मध्ये पटली. विल्टशायरमध्ये गवताची छपरं शाकारणारा तो कारागीर, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी काढलेल्या छायाचित्रातला. मी हा अल्बम पहिल्यांदा ऐकला तो मित्राने कॉपी करून दिलेल्या कॅसेटवर, आणि त्याने निळ्या शाईने वर लिहिलं होतं 'झेपलिन ४, परत करणे'. नाव नसलेल्या गोष्टीला लोक नाव देतातच.

याच अल्बमवर 'स्टेअरवे टू हेवन' आहे. आठ मिनिटं, हळुवार गिटार आणि रेकॉर्डर या बासरीसारख्या वाद्याने सुरू होऊन शेवटी तुफान. कंपनीने सिंगलसाठी तगादा लावला. उत्तर तेच, नाही. रेडिओ केंद्रांना वाजवायला प्रती दिल्या, पण दुकानात सिंगल नाही. म्हणजे रेडिओवर दिवसरात्र गाणं लागतंय, ऐकणारा वेडा झालाय, आणि ते विकत घ्यायचा एकच मार्ग आहे, अख्खा अल्बम. अमेरिकेच्या एफएमवर सर्वांत जास्त मागणी आलेल्या गाण्यांत ते वर्षानुवर्षं राहिलं.

दुसरी क्रांती तिकिटाच्या खिडकीवर झाली. आपल्याकडे नाटकाचा कंत्राटदार जे काम करतो ते तिथे प्रमोटर करतो. सभागृह घेतो, जाहिरात करतो, तिकिटं विकतो. मिळकतीची वाटणी निम्मी-निम्मी किंवा साठ-चाळीस चालायची. १९७२ च्या अमेरिका दौऱ्याआधी ग्रँटने सांगितलं, नव्वद टक्के आमचे, दहा तुमचे. प्रमोटर खवळले. ग्रँटचा मुद्दा सरळ होता. या बँडची तिकिटं नुसतं नाव लावल्यावर संपतात, तुम्ही जोखीम कसली घेता? भरलेल्या घराचे दहा टक्के घ्या, नाहीतर दुसरा घेईल. घेतले. आणि मग सगळ्या मोठ्या बँडनी तीच मागणी सुरू केली. आज स्टेडियममध्ये वाजवणारे कलावंत जो पैसा नेतात त्याच्या मुळाशी हा माणूस आहे.

ग्रँटच्या दांडगाईचे किस्से मोप आहेत आणि सगळे कौतुकाने सांगावेत असे नाहीत. चोरून रेकॉर्डिंग करणाऱ्यांवर त्याचा फार राग. १९७१ मध्ये व्हँकुव्हरला त्याने असंच एक यंत्र दिसलं म्हणून फोडून टाकलं. नंतर कळलं, आवाज किती होतोय ते मोजायला नगरपालिकेच्या लोकांनी लावलेलं होतं!

५ मे १९७३ ला फ्लोरिडातल्या टँपा स्टेडियममध्ये ५६,८०० लोक आले. आधी दुसरा कुठला बँड नाही, फक्त हे चौघे. तिकिटांचे ३ लाख ९ हजार डॉलर झाले. १९६५ मध्ये न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममधला बीटल्सचा विक्रम मोडला. तरीही त्याआधीच्या वर्षी एक गोष्ट त्यांना झोंबली होती. १९७२ मध्ये त्यांचा आणि रोलिंग स्टोन्सचा अमेरिका दौरा एकाच उन्हाळ्यात झाला, गर्दी यांच्याकडेही तुडुंब, पण छापून आले ते स्टोन्स. मग १९७३ पासून त्यांनीही प्रसिद्धीसाठी रीतसर माणसं नेमली. दार बंद ठेवायचं धोरण होतं खरं, पण किल्ली ते खिशातच ठेवायचे.

आणि या कीर्तीची एक बाजू हिशेबाच्या वहीत उशिरा लिहिली गेली. सुरुवातीच्या बऱ्याच गाण्यांत जुन्या ब्लूजवाल्यांच्या ओळी, चाली जशाच्या तशा होत्या आणि श्रेय मात्र बँडच्या नावावर. ब्लूजमध्ये एकमेकांच्या ओळी उचलणं ही रीतच आहे असं म्हणतात. गाणी तोंडोतोंडी फिरत होती तोवर ते खरंही होतं. लाखो प्रती खपू लागल्या की तीच रीत वेगळी दिसते. शिकागोचा विली डिक्सन हा त्या परंपरेतला मोठा गीतकार. 'होल लॉटा लव्ह'मधले शब्द आपल्या गाण्यावरून घेतलेत म्हणून तो १९८५ मध्ये कोर्टात गेला, दोन वर्षांनी तडजोड झाली आणि त्याचं नाव लागलं. 'बेब आय'म गॉना लीव्ह यू' हे गाणं ॲन ब्रेडनचं. पहिल्या अल्बमवर ते पारंपरिक म्हणून छापलं होतं. तिला श्रेय मिळायला १९९० उजाडलं. 'स्टेअरवे टू हेवन'वरही खटला झाला. सुरुवातीची गिटार 'स्पिरिट' या बँडच्या एका धूनवरून घेतली असा आरोप होता. २०१६ मध्ये ज्यूरीने आणि २०२० मध्ये वरच्या न्यायालयाने लेड झेपलिनच्या बाजूने निकाल दिला. मला स्वतःला डिक्सनचं प्रकरण सर्वांत खुपतं. या संगीताने जे साम्राज्य उभं केलं त्याचा पाया ज्यांनी घातला त्यांना आपल्या वाट्यासाठी वकील करावा लागला.

पुढची गोष्ट, खाजगी विमान, अपघात, व्यसनं, यांची पुस्तकं भरून आहेत. २५ सप्टेंबर १९८० ला बॉनम वारला, आणि डिसेंबरमध्ये उरलेल्या तिघांनी बँड बंद केला. दुसरा ड्रमर घेतला नाही.

एक छोटा प्रसंग मात्र आपल्या मुंबईतला. १९७२ मध्ये ते ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्याला निघाले होते. वाटेत सिंगापूरला कार्यक्रम व्हायचा, पण लांब केसांच्या पुरुषांना तिथे देशात येऊ देत नव्हते, म्हणून तो रद्द झाला. मुंबईत कुणी केस मोजले नाहीत. त्याच वर्षी पेज आणि प्लांटने इथल्या स्टुडिओत, बासरीवादक आणि फिल्म्स डिव्हिजनचे संगीतकार विजय राघव राव यांच्या मदतीने, तबला आणि तंतुवाद्यं घेऊन आपली दोन गाणी नव्याने बांधून पाहिली. एक 'फ्रेंड्स' आणि दुसरं 'फोर स्टिक्स'. दुसऱ्याचा ताल मधेच पाचाचा, मधेच सहाचा, म्हणजे आपल्याकडच्या वादकांनाही डोकं खाजवायला लावणारा. त्या टेपा त्रेचाळीस वर्षं कपाटात पडून होत्या, २०१५ मध्ये अधिकृतपणे बाहेर आल्या. त्याच मुक्कामात एका रात्री हे दोघे कुलाब्यातल्या 'स्लिप डिस्क' नावाच्या डिस्कोथेकमध्ये गेले, तिथल्या बँडची वाद्यं उसनी घेतली, आणि इथल्याच पोरांना साथीला घेऊन वाजवत बसले.